लासूर स्टेशनचा हंडा

लढाई सरहद्दीवर लागली होती आणि शिवम ती गुलमंडीच्या बाजारात बसून जिंकत होता. साड्यांच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस. एरवी तिथं क्लासच्या जाहिराती व्हायच्या, लग्नाचे व्हिडिओ व्हायचे आणि निवडणूक आली की नानासाहेबांचे हात जोडलेले फोटो व्हायचे. आता तिथं शत्रूच्या जनतेचं मनोधैर्य खच्ची करण्याचं काम चालू होतं. हे काम शिवमला नानासाहेबांनी दिलं. नानासाहेबांना कुणी दिलं असं विचारलं की ते वर बोट दाखवायचे, आणि वर बघावं तर पंखा फिरत असायचा.

आवडाबाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिचं लक्ष टँकरवर. शेंद्र्याच्या रस्त्याला लागून तिची वस्ती. वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला, खांबांवर दिवे आले, कमानीवर नानासाहेबांचं तोंड आलं. नळ तेवढा आला नाही. दिवसाआड टँकर यायचा. त्याच्या आधी बायका आपापले हंडे ओळीनं मांडून घरी जायच्या, आणि जिथं जिचा हंडा तिथं तिचा नंबर. भांडण व्हायचा सवाल नव्हता, कारण हंड्यावर नाव असतंच. आपल्याकडं लग्नात नाव टाकल्याशिवाय भांडं देतं कोण? ठिपक्याठिपक्यांनी कोरून घ्यायचं, कुणाला, कुणाकडून, कुठून. हंडा चोरीला गेला तरी चोराला जन्मभर दुसऱ्याच्या मामाचं नाव घासत बसावं लागतं.

आवडाबाईच्या हंड्यावर होतं, 'चि. सौ. कां. आवडा हिस मामांकडून सप्रेम भेट, लासूर स्टेशन.' मामा हौशी. अक्षरं अशी दणदणीत घालून घेतली होती की चष्मा नसला तरी वाचता यावीत.

सूनही तिनं लासूर स्टेशनचीच केली होती. सोनिया तिचं नाव. बाळंतपणाला माहेरी गेली ती गेलीच. बाळ पालथं पडायला लागलं, हुंकार द्यायला लागलं, तरी परत यायचं नाव नाही. वाईट पोर नव्हती, फोनवर सरळ बोलली होती.

"आई, राग मानू नका. माहेरी बोअरला पाणी हाय. तिथं आले तर बाळाचे लंगोट धुवू का प्यायचं पाणी साठवू, ह्यातच माझा जीव जाईल. नळ आला की दुसऱ्या दिवशी येते."

ह्यात आवडाबाईला राग मानायला जागाच नव्हती, हीच खरी पंचाईत. पोरगा ऋतुराज शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. सुट्टी मिळाली की लासूरला पळायचा आणि परत येताना तोंड वाळलेल्या भाजीसारखं घेऊन यायचा. आवडाबाईनं बाळासाठी घरात झोळी बांधून ठेवली होती. तिच्यात सध्या बटाटे होते. नातू तिनं पाहिला तो बहुतेक मोबाईलवरच, आणि रेंज गेली की तोही अर्ध्यात थांबायचा.

म्हणून एका सकाळी नानासाहेब शिवमला घेऊन वस्तीत आले आणि म्हणाले, "वहिनी, पाण्याचं शूटिंग घ्यायचंय, हे वरपर्यंत जाणार आहे," तेव्हा आवडाबाईचं मन एकदम मोठं झालं. वर म्हणजे नळ देणारे, असं तिनं धरलं. दुसरं काय धरणार?

शिवम कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "मावशी, कुंकू जरा पुसता का? घामानं ओघळलंय."

"कुंकू कशापायी पुसू? माझा नवरा घरात चहा पितोय."

घरातून बद्रीनाथ खाकरला. शिवमनं नाद सोडला. "बरं, मग पदर भुवयांपर्यंत ओढा. अजून खाली. आता भांडा, रडा, पाणी नाही म्हणून ओरडा. काय वाट्टेल ते बोला, आवाज आपण नंतर टाकू."

आवाज नंतर टाकणार म्हणजे काय, हे तिला कळलं नाही. पण बोलायला सांगितलं होतं आणि बोलायला भरपूर होतं. टँकर आला, रेटारेटी झाली, आवडाबाईनं हंडा कमरेवरून काढून कॅमेऱ्यासमोर उपडा धरला आणि इतक्या महिन्यांचं सगळं ओकली. नळाचं बोलली, सुनेचं बोलली, झोळीतल्या बटाट्यांचं बोलली. बोलता बोलता खरंच रडू आलं. शिवम म्हणाला, "एक नंबर." त्या पोराला माणूस रडताना दिसला की भूक लागत असावी. लगेच वडापाव मागवला.

चारेक दिवसांनी शेजारची करुणा मोबाईल घेऊन आली. सगळ्यांच्या मोबाईलवर तेच फिरत होतं. मथळा होता, 'शत्रूच्या शहरात पाण्यासाठी हाहाकार.' धुळीचा रस्ता, घागरींची गर्दी, आणि मध्ये एक बाई छाती पिटतेय. वर आवाज कुण्या गोड गळ्याच्या पोरीचा, "हमारे बच्चे प्यासे मर रहे हैं, हमारी हुकूमत ने हमें बरबाद कर दिया." वस्तीतल्या बायका घोळका करून बघत होत्या.

"बरी जिरली मेल्यांची," आवडाबाई म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. आपल्याला पाणी नाही ह्याचं दुःख असतंच, पण त्यांनाही नाही म्हटल्यावर घोट घेतल्यासारखं वाटलं तिला.

करुणानं मोबाईल पुन्हा डोळ्याजवळ नेला. "काकू, ही बाई तुमच्यासारखीच दिसती."

मग आवडाबाईनं तो पदर ओळखला. मग हात ओळखले. मग मागं उभी असलेली करुणाच दिसली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपणच की गं ते."

वस्तीला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट नानासाहेबांनी निरोप पाठवला की तुम्ही देशाच्या कामी आलात, कुठं बोलू नका. आणि लोकांना ते पटलं. हंडा डोक्यावर घेऊन टँकरमागं धावणारे लोक, आणि त्यांना वाटू लागलं आपण लढाईत आहोत. आवडाबाईला मात्र एकच कळेना, मग नळाचं काय झालं.

पलीकडच्या लोकांना ह्या व्हिडिओनं हादरवायचं होतं. ते हादरले नाहीत, ते हसले. तिकडच्या कुण्या रिकामटेकड्यानं व्हिडिओ थांबवला, हंडा मोठा करून पाहिला. अक्षरं वाचता येईनात, तर वाचून देणारा शोधला. जगात मराठी वाचणाऱ्याला काही तोटा नाही. दुसऱ्या दिवशी आवडाबाईचा फोटो तिकडून इकडं आला. हंड्याभोवती लाल गोल आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या देशात लासूर स्टेशन कुठं आहे ते कळवा, आवडाबहिणीला पाणी पाठवायचं आहे. मामांनी हंडा दिला, बिचाऱ्यांकडं पाणी नसेल.' लोक त्यात भर घालत गेले. कुणी उंटावर पखाल लादून पाठवतो म्हणालं, कुणी दुवा केली. शत्रूनं केलेली चेष्टा, पण त्या सगळ्या धंद्यात आवडाबाईच्या पाण्याची विचारपूस केली ती फक्त त्यांनीच.

शिवमनं तो व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला असेल. नानासाहेबांनी पाहिला. वरच्यांनी पाहिला. हंड्यावरचं नाव एकालाही दिसलं नाही. दिसणार कसं? ह्यांच्या घरच्या प्रत्येक वाटीवर, चमच्यावर नाव आहे. हंड्याला नाव असणं ह्यांच्या डोळ्यांना हंड्याला बूड असण्याइतकं सवयीचं. निघाले होते दुसऱ्या देशाची अक्कल काढायला.

नानासाहेब तणतणत आले. "वहिनी, हंडा जरा फिरवून धरता येत नव्हता का?"

"मला काय ठावं मी कुठल्या देशात उभी हाय," आवडाबाई म्हणाली. "तुम्ही पाण्याचं शूटिंग म्हणलात."

"जाऊ द्या. आता ह्याला उत्तर द्यावं लागेल. आपल्याकडं पाणीच पाणी आहे असं दाखवायचं. तुम्हीच बोलायचं, हाच हंडा घेऊन. इज्जतीचा प्रश्न आहे."

"मग पाणी आणा."

"आणतो की."

आणि आणलं. गवंडी आला. बद्रीनाथच्या अंगणाच्या भिंतीला भोक पाडून त्यानं पितळेची तोटी सिमेंटनं पक्की बसवली. भिंतीमागं टँकर लावला. टँकरवाला हनुमान, नेहमीचाच. त्यानं पाईप मागून जोडला. तोटी फिरवली की धार अशी यायची की बघत राहावं.

आवडाबाईनं त्या धारेखाली हात धरला. "नानासाहेब, एक सांगा. हे झाल्यावर नळ राहील ना?"

"लढाई संपू द्या, लाईन जोडून देतो. शब्द आहे माझा."

नानासाहेबांचा शब्द म्हणजे काय चीज आहे हे तिला कमानीखालून जाताना रोज दिसायचं. तरी तिनं तो धरला. धरण्यासारखं दुसरं काही समोर नव्हतं.

शिवमनं वाक्य दिलं, "आमच्या शहरात चोवीस तास पाणी आहे, आम्हाला कुणाच्या भिकेची गरज नाही." आवडाबाईनं ते एकदा चुकवलं ते खरोखर चुकून. पण पुन्हा शूटिंग म्हणजे पुन्हा धार, हे तिच्या ध्यानात आलं आणि मग तिची जीभ फारच अडखळायला लागली. इकडं वाक्य चुकायचं, तिकडं करुणा भरलेला ड्रम सरकवून रिकामा लावायची. शिवम घामाघूम झाला. टँकर तळाला लागला तेव्हाच बाईला वाक्य पाठ झालं. हसरा चेहरा, कपाळावर ठळक कुंकू, हंड्यात धार, नाव कॅमेऱ्याकडं. झाल्यावर हनुमाननं पाईप गुंडाळून नेला. तोटी तेवढी भिंतीत राहिली, सिमेंट वाळलं होतं.

त्या संध्याकाळी लासूरहून फोन आला. सोनियाचा आवाज आनंदानं फुटत होता. "आई, बघितला व्हिडिओ. सगळ्या गावानं बघितला. आपल्याला नळ आला व्हय?"

सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. पण मागून बाळाचा आवाज आला, ते काहीतरी ओरडत होतं आणि सोनिया त्याला म्हणत होती, "आज्जी हाय बघ, आज्जी." आवडाबाईला वाटलं, नानासाहेब जोडूनच देणार आहेत. आज नाही तर उद्या. उगाच पोरीला कशाला नाउमेद करायचं?

"व्हय," ती म्हणाली. "आला."

"चोवीस तास?"

"चोवीस तास."

ऋतुराज रात्रपाळीला गेला होता. सकाळी परतल्यावर तिनं त्यालाही बजावलं, नळ जोडूनच देणार आहेत, लासूरला काही बोलू नकोस. बद्रीनाथनं नुसतं तिच्याकडं बघितलं आणि कूस बदलली. आवडाबाईनं झोळीतले बटाटे काढून टोपलीत ठेवले.

पलीकडच्यांनी नवा व्हिडिओ पाहून आणखी हसून घेतलं. भिंतीच्या कडेनं टँकरचं चाक दिसत होतं, तेही कुणी शोधून काढलं. शत्रूच्या एका पोरानंसुद्धा त्यावर विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला आपल्या लोकांनी, आणि तो असा गच्च ठेवला की विचारू नका.

पुढच्या पाळीला हंडे ओळीनं मांडलेले, उन्हं वर आली, टँकर नाही. त्याच्या पुढच्या पाळीलाही नाही. शूटिंगच्या दिवशी भरलेले ड्रम तळाला गेले. मग हनुमान मोटारसायकलवर दिसला, तेव्हा आवडाबाईनं त्याला रस्त्यातच अडवलं.

"काकू, पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी व्हिडिओ बघितला. म्हणले, ह्या वस्तीला नळ आलाय, टँकर दुसरीकडं वळव."

"आरं, तूच तर भिंतीमागं होतास."

"तेच सांगितलं मी. साहेब म्हणले, म्हणजे देशाचा व्हिडिओ खोटा म्हणतो का तू?" हनुमाननं मान खाली घातली. "मी काय बोलणार, काकू?"

आवडाबाईनं नानासाहेबांना फोन लावला. ते शिवमच्या सत्काराला गेले होते, शाल-श्रीफळ चाललं होतं, मागं टाळ्या ऐकू येत होत्या. म्हणाले, नंतर बोलू. थू, असं ती फोन ठेवल्यावर मोठ्यानं म्हणाली, आणि ते नेमकं कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

ती घराकडं वळली तर दारात रिक्षा उभी. सोनिया उतरत होती. एका हाताला पिशव्या, दुसऱ्यावर बाळ, उन्हानं लालबुंद, आणि सगळ्या रिक्षाभर त्याच्या ओकारीचा वास. सोनिया हसत होती.

"सांगितलं नाय, म्हटलं अचानक जाऊ. माझी आई सोडायला तयार नव्हती, उन्हाळा जाऊ दे म्हणत होती. भांडून आले तिच्याशी. म्हटलं, चोवीस तास पाणी हाय, सासूनं स्वतः सांगितलं." तिनं बाळ आवडाबाईच्या हातात दिलं. "धरा आई. लई मळलंय. आधी अंघोळ घालू त्याला."

बाळ जड होतं, मोबाईलवर वाटायचं त्याहून कितीतरी जड. त्यानं आजीचा गाल मुठीत धरला.

सोनियानं पदर खोचला, तोच हंडा उचलला, भिंतीशी बसली आणि तोटी फिरवली. आणखी फिरवली. मग उलटी फिरवून पाहिली. तोटीतून जरा माती पडली. ती हंड्याच्या बुडाशी वाजली.

"आई, पाणी किती वाजता येतं?"

आवडाबाईनं पदर भुवयांपर्यंत ओढला. ह्या वेळी तिला कुणी सांगावं लागलं नाही.