हिला बसवत नाही

मी स्टूल बोलतोय. हैदराबादेतल्या एका सरकारी दवाखान्यात, मानसिक आजारांच्या ओपीडीत, डॉक्टरांच्या टेबलासमोर पेशंटला बसायला लोखंडी स्टूल असतं ना, तेच मी. सर्वांत कमी दराचं टेंडर मंजूर झालं आणि माझा जन्म झाला. म्हणून पाय चार, पण जमिनीला टेकतात तीनच.

त्याच सुमारास देशाची दारं उघडली म्हणतात. आमच्या खोलीचंही दार उघडलं आणि टाय लावलेले औषध कंपन्यांचे लोक आत आले. पाहता पाहता भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर, साहेबांचं पेन, फिरती खुर्ची, सगळं कंपन्यांचं झालं. सरकारचा म्हणून उरलो तो मी आणि पेशंट.

साहेब म्हणजे विभागप्रमुख डॉक्टर हिम्मतराव. स्किझोफ्रेनियाची सुरुवात असेल तर उपचार कसे करावेत, याची एक पुस्तिका सरकारनं काढली. ती लिहिणाऱ्या समितीत साहेब स्वतः होते. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आहे. आत लिहिलंय की आधी एकच औषध द्या, थोडं द्या, सावकाश वाढवा, त्रास होतोय का ते विचारा, घरच्यांना आजार समजावून सांगा. प्रकाशनाला समोसे होते. मग पुस्तिका काचेच्या कपाटात गेली, आणि कुणी आलं की साहेब मोठ्या अभिमानानं कपाटाकडे बोट दाखवत.

एके दिवशी माझ्यावर रेणू येऊन बसली. वीस वर्षांची, जामबागेत राहणारी. वडील नामदेवराव यांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. काही महिन्यांपासून तिला कुणी नसताना आवाज ऐकू यायचे. रस्त्यावरची माणसं आपल्याबद्दलच बोलतात, असं वाटायचं. कम्प्युटरचा क्लास तिनं त्यामुळेच सोडला होता.

आई इंदुमतीबाई सांगायला लागल्या, तोवर साहेबांचं लिहून झालं होतं. चार गोळ्या, चारही जोरकस.

"बरी होईल ना, साहेब?" नामदेवरावांनी विचारलं. "विद्यानगरचं एक स्थळ चालून आलंय."

"मग लावून टाका लग्न. संसारात पडली की डोकं ठिकाणावर येतं," साहेब म्हणाले आणि घंटी वाजवली.

रेणू पुन्हा आली ती वेगळीच. मान एका बाजूला ओढलेली, तोंडातून लाळ. माझ्यावर टेकली की उठायची, उठली की बसायची. बसली तरी पाय असे हलायचे की मी खाडखाड वाजायला लागलो.

"साहेब, हिला बसवत नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "जेवताना पण चकरा मारते. आधी अशी नव्हती हो."

"आजार वाढलाय," साहेब म्हणाले. त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या. मग माझ्याकडे पाहून शिपायाला म्हणाले, "हे स्टूल फार वाजतं. याच्या पायाखाली कागद घाल." त्या दिवशी त्या खोलीत दुखणं ओळखून इलाज झाला, तो फक्त माझ्यावर.

मग साहेब एका कंपनीच्या खर्चानं सिंगापूरच्या परिषदेला गेले. विषय होता पेशंटशी संवाद. ओपीडी आली सत्यवती मॅडमकडे. नव्या होत्या, त्यामुळे त्यांनी ती पुस्तिका वाचली होती. रेणूची उठबस त्यांनी थोडा वेळ पाहिली आणि तिलाच विचारलं, "अम्मा, ये बेचैनी मन में है या पैरों में?"

रेणूनं पहिल्यांदाच डॉक्टरांकडे नीट पाहिलं. "पैरों में, मॅडम. बसले की वाटतं, पाय कापून टाकावेत. मरून जावं वाटतं."

इंदुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी तीन गोळ्या बंद केल्या, एक ठेवली, तीही कमी. मग आई-वडिलांना समोर बसवलं आणि सगळं समजावलं. ही तगमग गोळ्यांच्या जास्त मात्रेनं आहे, आजारानं नाही. बरं वाटलं तरी उरलेली गोळी मनानं सोडायची नाही. "आणि लग्न म्हणजे औषध नाही," त्या नामदेवरावांना म्हणाल्या. "आधी हिला बरं होऊ द्या. मग हिलाच विचारा." अर्धा तास गेला. बाहेरची रांग कुरकुरत होती.

रेणू हळूहळू माझ्यावर स्वस्थ बसायला लागली. आवाज पुरते गेले नाहीत, पण लांब गेले. क्लास पुन्हा सुरू झाला. विद्यानगरच्या मंडळींना नामदेवरावांनी स्वतः जाऊन थांबायला सांगितलं.

साहेब परतले. एका पेशंटवर अर्धा तास घालवल्याबद्दल त्यांनी मॅडमकडून खुलासा मागवला. महिनाभरात मॅडमची बदली लांबच्या तालुक्याला झाली. पेशंट मात्र साहेबांनी ठेवून घेतला. विद्यार्थ्यांपुढे रेणूला माझ्यावर बसवून ते म्हणाले, "मार्गदर्शक तत्त्वं काटेकोर पाळली की असा गुण येतो. बेटी, तुला कुठल्या औषधानं बरं वाटलं?"

रेणू शांतपणे म्हणाली, "जी तीन बंद केली ना सर, त्यांनी. चौथं अजून घेते."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. "पाहा, पेशंटची विनोदबुद्धीसुद्धा परत आलीय," साहेब म्हणाले आणि पडद्यावर पुढची स्लाइड लावली.

आता ओपीडीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात. माझ्यावर 'निर्लेखित', म्हणजे सरकारी हिशेबातून बाद, असा शिक्का बसलाय, मी व्हरांड्यात पडून आहे. नातेवाईक टेकतात, त्यांचं बोलणं कानावर येतं. तालुक्याला एक मॅडम आहेत, सगळं विचारतात म्हणे, म्हणून हैदराबादची माणसं बस धरून तिकडे जातात. इकडची रांग घटली. साहेबांनी वर कळवलं की शहरात आजार आटोक्यात आलाय.

उद्या भंगारवाला मला न्यायला येईल. तुमच्या घरातलं कुणी गोळ्या सुरू झाल्यावर असं तगमगायला लागलं, तर गोळ्या फेकू नका आणि गप्पही बसू नका. डॉक्टरांना सांगा. नाही ऐकलं तर पुन्हा सांगा. फिरत्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकू यायला जरा वेळ लागतो.