उषानगरी, भोकरदन रोड

उषाबाईंच्या तेरवीला काकासाहेब रिक्षातून उतरले आणि मंगल कार्यालयाच्या फाटकातच थबकले. समोर दोन पुरुष उंच फ्लेक्स लावलेला. वर बायकोचा हसरा फोटो, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याही खाली प्लॉटांचा रंगीत नकाशा. हिरवा बगीचा, निळी पाण्याची टाकी, लाल अक्षरांत 'उषानगरी, भोकरदन रोड, बुकिंग आजपासून'. बाईची राख अजून धड थंड झाली नव्हती आणि तिच्या हनुवटीखाली फोन नंबर छापून लोक मोकळे झाले होते.

लोक म्हणजे दुसरं कोण, सख्खा पुतण्या रामप्रसाद. हसनाबादहून कॉलेजसाठी म्हणून जालन्यात आला, कॉलेजात कमी आणि उषाबाईंच्या लुनाच्या मागच्या सीटवर जास्त बसला, आणि जमिनीचा धंदा शिकून घेतला. आता त्याच्याकडे पांढरी गाडी होती, गळ्यात साखळी होती, आणि आज चेहऱ्यावर दुःखही होतं. फाटकाशी उभा राहून तो ते दुःख येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून वाटत होता. काकासाहेबांना ते बघवेना. ते काठी टेकत आत जाऊन बसले.

उषाबाई केदारखेड्याच्या. शाळा सातवीपर्यंत. जालना जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे बदलीची माणसं आली, त्यांना घरं हवी होती, आणि उषाबाईंना माणसं हवी होती. एवढ्या भांडवलावर त्यांचा धंदा चाळीस वर्षं चालला. हळदीकुंकवाला गेल्या तर वाण घेऊन आणि एखादा प्लॉट विकूनच परत यायच्या. कुणाचे भाऊ वेगळे निघाले, कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, कुणाला सासूपासून दोन गल्ल्या लांब राहायचंय, सगळं त्यांना ठाऊक. जमीन दाखवायची ती आधी घरातल्या बाईला, आणि तीही भर पावसाळ्यात, चिखलात उभं करून. चपला चिखलात रुतल्यावरही जिला जागा आवडली, तिच्याशीच त्या पुढचं बोलायच्या. म्हणूनच उषाबाईंनी दाखवलेली जमीन म्हटलं की गावात कुणी सातबारासुद्धा मागायचं नाही.

काकासाहेब त्या काळात अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये. आठवडाभर तिकडे, फक्त रविवारी घरी. घरी यावं तर दारात चपलांचा ढीग, आत दहा माणसं आणि गॅसवर चहाचं पातेलं. त्या गर्दीचा त्यांना अगदी वीट यायचा. पण अंधार पडला की उषाबाई एकेकाला गोड बोलून वाटेला लावायच्या आणि तव्यावरची भाकरी थेट नवऱ्याच्या ताटात टाकायच्या. काकासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धंदा गुंडाळून ठेवला आणि हाताला धरून त्यांना पावसाळाभर घरातल्या घरात चालवलं. प्रेमात बाईनं कधी काही कमी केलं नाही.

एकच गोष्ट काकासाहेबांना खुपायची. एखादी जमीन वाईट निघाली तर उषाबाई समोरच्याला सरळ 'नाही' म्हणायच्या नाहीत. मान खाली घालून म्हणायच्या, "मला तर लई आवडली हो. पण आमच्या ह्यांना पटत न्हाई." आणि हे तिकडे अंकुशनगरला पोती मोजत बसलेले. बिचाऱ्यांना जमीन कुठली, गिऱ्हाईक कोण, काही पत्ता नसायचा. गाव म्हणायचं, किती नवऱ्याच्या शब्दातली बाई. आणि काकासाहेब रस्त्यात भेटले की तेच गाव त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचं. एकदा त्यांनी बायकोला धरलंच. ती भाकरी थापता थापता हसली.

"माणसं तोडून धंदा होत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं तोंड तसंबी आंबटच असतंय. लोकांनी जरा आनखी आंबट म्हणलं तर काय बिघडलं?"

तेही हसले होते. मग तो विषय तसाच राहिला तो राहिलाच.

कार्यालयात भाषणं रंगात आली होती. एका पुढाऱ्यानं उषाबाईंचं नाव दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा नुसतंच 'माउली' म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्यानं सांगितलं की नवऱ्याला विचारल्याशिवाय त्यांनी कधी एक पाऊल टाकलं नाही, अशी पतिव्रता आता होणे नाही. पुढच्या रांगेतला एक जण काडीनं दात कोरता कोरता मान डोलवत होता. फोटोसमोर अगरबत्तीचा असा धूर केला होता की जिवंत माणूस गुदमरावा. काकासाहेबांना वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण बायकोच्या तेरवीतून उठून जाणार कुठं?

शेवटी रामप्रसादनं माईक हातात घेतला. उषानगरी हे काकूंचं अखेरचं स्वप्न होतं, असं तो भरल्या गळ्यानं म्हणाला, आणि जागा कुठली तेही सांगितलं. काकासाहेब ताडकन सरळ बसले. ती नाल्याकाठची जमीन होती. काळी, खोलगट, पावसात गुडघाभर पाण्याखाली जाणारी. तीन वेळा ती उषाबाईंकडे विकायला आली आणि तिन्ही वेळा त्यांनी ती परत पाठवली. तिसऱ्यांदा, मागच्या वर्षी, ती घेऊन आला होता हाच रामप्रसाद. त्याला घालवून दिल्यावर उषाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या की त्या ओलीत मी कुणाचं लेकरू झोपवणार न्हाई. आता त्या ओलीवर मुरूम पसरला होता आणि मुरमावर उषाबाईंचं नाव.

फोटोच्या शेजारीच बुकिंगचं टेबल मांडलेलं होतं. माणसं फोटोला फूल वाहायची आणि तोच हात खिशात घालून टेबलाकडे वळायची. रांगेत सगळ्यांत पुढं होत्या गिरिजाबाई, उषाबाईंची जिवाभावाची मैत्रीण. बरोबर नात अर्पिता. वीस वर्षांपूर्वी गिरिजाबाईंना हीच जागा हवी होती, आणि 'ह्यांना पटत न्हाई' हे तेव्हा त्यांनाही ऐकावं लागलं होतं. त्या दिवसापासून त्या काकासाहेबांशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. उषाबाईंबरोबर मात्र दर उन्हाळ्यात पापड लाटायला बसायच्या.

काकासाहेब उठून टेबलाजवळ गेले आणि गिरिजाबाईंना म्हणाले, ही जागा घेऊ नका, उषाला ती पसंत नव्हती.

"तिला पसंत होती," गिरिजाबाई वीस वर्षांनी त्यांच्याशी बोलल्या. "तुम्हाला नव्हती. जित्तेपणी तिची एक इच्छा पुरी होऊ दिली न्हाई तुम्ही. आता मेल्यावर तरी होऊ द्या."

मागची रांग हळहळली. कुणीतरी म्हणालं, म्हातारा अजून तसाच हाय. रामप्रसादनं गोड हसून त्यांच्या कोपराला धरलं आणि काकांना धक्का बसलाय, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं. मुलगा हरिओम पुण्याहून आला होता. त्यानं बापाच्या डोळ्याला डोळा न देता खुर्ची पुढं सरकवली. या धंद्यात त्याचीही भागीदारी आहे हे टेबलावरच्या पावतीपुस्तकावर त्याचं नाव वाचून काकासाहेबांना तेव्हा समजलं. त्यांना पुतण्याची किळस आली, पोटच्या पोराची आली, आणि खरं सांगायचं तर थोडी बायकोचीही आली. तिनं आपली वाट सोपी केली आणि नवऱ्याचा शब्द मात्र गावात कवडीमोल करून ठेवला. आज तो शब्द तिच्याच कामाचा होता, तर तो कुणी ऐकत नव्हतं.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो त्यांच्या जिवावर येत होता. त्यांनी रामप्रसादच्या हातातून माईक ओढून घेतला.

"उषा खोटं बोलायची," ते म्हणाले.

रांगेतल्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"मी आठवडाभर अंकुशनगरला राहायचो. घरी फोन नव्हता. ती मला इचारणार कधी? चाळीस वर्षांत तिनं मला एकबी जमीन दाखवली न्हाई. 'ह्यांना पटत न्हाई' म्हणून ज्याला ज्याला परत धाडलं, त्याला तिनंच धाडलं. ही नाल्याची जागा तिनं तीनदा परत धाडली. मागच्या साली हा रामप्रसाद आल्ता, त्याला उंबऱ्यावरून माघारी लावला. खोटं वाटत असंल तर त्यालाच इचारा."

सगळ्यांनी रामप्रसादकडं पाहिलं. तो मोबाइल कानाला लावून बाहेर निघाला होता, आणि मोबाइल वाजलेला कुणीच ऐकला नव्हता. गिरिजाबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. रांग पातळ झाली, मग मोडली. टेबलावरची पोरगी पावतीपुस्तक मिटून नखं बघत बसली. म्हाताऱ्याला वाटलं, चला, सुटलो.

पण गिरिजाबाई दाराकडं निघाल्या नाहीत. त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या शेजारी बसून पापड लाटले," त्या फोटोला म्हणाल्या, "आन तोंडावर खोटं बोलत राह्यली. लबाड बाई."

मागून कुणी म्हणालं, आमच्याशीबी तसंच केल्तं. आणखी एकीनं त्यात भर घातली. बघता बघता जो तो आपला नाकारलेला प्लॉट आठवू लागला. चाळीस वर्षं गावाच्या शिव्या काकासाहेबांनी खाल्ल्या होत्या, त्या त्यांच्या अंगाला कधी लागल्या नाहीत. तिच्याबद्दल वावगा शब्द मात्र ते आज पहिल्यांदा ऐकत होते, आणि तो त्यांनीच लोकांच्या तोंडी दिला होता.

"गिरिजाबाई," ते जवळ जाऊन म्हणाले, "शिव्या मला द्या. मला सवय हाय."

नातीचा हात धरून गिरिजाबाई न जेवताच निघून गेल्या, आणि त्यांच्यामागून एकेक करत बरीच माणसं गेली. आत पंगत मांडलेली होती. वाढपी भरलेली भांडी घेऊन उभे होते आणि बसायला कुणी नव्हतं. काकासाहेब काठी बाजूला ठेवून पहिल्या पाटावर बसले. ताटातलं सगळं संपवून त्यांनी वाढप्याकडं पुन्हा मागितलं. उषाच्या तेरवीला कुणी जेवलं नाही असं गावानं म्हणू नये, एवढीच त्यांना आता काळजी होती.