खोटारडा चिमटा

एकोणऐंशी.

फुप्फुसात उतरणाऱ्या साथीच्या तापानं दाखल झालेले मास्तर पाचव्या दिवशीही गप्पा रंगवत होते. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा मात्र भलतंच सांगत होता. आकडा नव्वदच्या खाली गेला की माणूस धापा टाकतो. मास्तर चक्क हसत होते.

“सिस्टर, उद्या घरी सोडणार ना?”

“आधी या चिमट्यालाच घरी पाठवते, मास्तर. डोकं फिरलंय त्याचं.”

शंका आली की वॉर्डातली रीत एकच, चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघायचा. सिस्टरनं लावला.

ब्याऐंशी.

“बघा, चिमटाच खोटारडा!” तिचा जीव भांड्यात पडला. तिला ना खोकला होता, ना धाप. तरी खात्रीसाठी तिनं फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली. “मावशी, बोट द्या बरं जरा.”

“अंगठी घालताय की काय?” म्हणत मावशींनी बोट पुढं केलं.

अठ्ठ्याण्णव.

मावशींच्या बोटावर चिमटा शांतपणे लुकलुकत राहिला.

मास्तर हळूच खाटेच्या कडेला सरकले.

“बसा, सिस्टर,” ते म्हणाले. “जागा आहे.”