डब्यावरचं नाव

डॉक्टर इनामदारबाईंनी दुधाच्या पुडीचा डबा हातात घेतलाच नाही. दोन बोटं टेकवून त्यांनी तो टेबलावरून शरयूकडे मागे सारला.

"हे इथं चालणार नाही."

आपण नीट सांगितलं नसावं असं शरयूला वाटलं. तिने डबा वळवला आणि त्याच्यावर चिकटवलेली पट्टी डॉक्टरांच्या समोर आणली. 'कै. सौ. सुहासिनी विष्णुपंत लिमये यांच्या स्मरणार्थ.' ही अक्षरं वडिलांनी सांगलीच्या छापखान्यात उभं राहून निवडली होती. खोक्यातल्या सगळ्या डब्यांवर त्यांनी स्वतः पट्ट्या लावल्या होत्या आणि एक वाकडी गेली तर ती भिजवून काढून पुन्हा लावली होती.

"विकायला नाही आणलेले," ती म्हणाली. "परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. आटपाडीकडच्या या गावांतून ती खूप वर्षं हिंडली, बाळंतिणींसाठी. म्हणून इथंच द्यावेत असं बाबांच्या मनात..."

"वाचलं मी." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. "इथं आल्याबरोबर मी दूध-कंपनीचं पोस्टर काढलं. मग कॅलेंडर काढलं. कंपनीच्या बायकांना वॉर्डात यायला बंदी केली. वरून काही हुकूम नाही, माझ्या जबाबदारीवर केलं. आता गेलेल्या माणसाचं नाव लावून डबा आलाय. त्याला नाही म्हणायला जड जातं, एवढंच."

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. तिथे कोणतं चित्र असणार हे शरयूला ठाऊक होतं. गुटगुटीत बाळ, कपाळावर तीट. त्याच चित्राची गुंडाळी काखेत घेऊन आई पहाटेची एसटी पकडायची.

"कंपनीनेच दिलेत ना?"

शरयूने डबा पुन्हा आपल्याकडे वळवला. कंपनीच्या सांगलीच्या साहेबांनी खोकं घरपोच पाठवलं होतं, वर हारही. बाबांना केवढं भरून आलं होतं.

"गावात काय होतं सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "पहिला डबा फुकट. तो संपेस्तोवर आईचं दूध आटतं. दुसरा घ्यायची ऐपत नसते, मग आहे तोच पुरवायचा. पूड कमी, पाणी जास्त. दिसायला ते दूधच दिसतं. पोर पितं, गप्प झोपतं आणि वाळत जातं. नाहीतर हगवण लागते."

"आई पाणी उकळायला शिकवायची. घरोघरी. बाटली कशी उकळायची तेसुद्धा."

"शिकवत असतील. जळण कोण देत होतं?"

शरयूने डबा उचलून खोक्यात ठेवला. आफ्रिकेतल्या मुलांविषयी असाच एक लेख तिने कुठल्याशा साप्ताहिकात वाचला होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता वाचला होता, हळहळली होती आणि पान उलटलं होतं.

"येते," ती म्हणाली. नमस्कार करायचं राहून गेलं.

सांगलीची गाडी दुपारी होती. दवाखान्याच्या ओसरीवर बाळंतिणींबरोबर आलेल्या बायका गाठोडी उशाशी घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या बाकावर खोकं ठेवून शरयू त्याच्या शेजारी टेकली. रागाने तिचे कान तापले होते. आई नर्स नव्हती हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मॅट्रिक झालेली, कंपनीने पांढरी साडी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट दिलेली बाई. "मी नर्स नाही म्हणून सांगते गं सगळीकडे," आई हसून म्हणायची, "पण साडीपुढं माझं कोण ऐकतंय?" पण ती लोकांचं वाईट करणारी होती, असं कोणी टेबलापलीकडून ऐकवावं?

"हे त्येच का वो? बाळाच्या दुधाचं?"

खालच्या फरशीवर बसलेली एक बाई मान उंच करून खोक्यात डोकावत होती. चाळिशीची असेल. कपाळावर हिरवं गोंदण, हातात अर्धवट सोललेला लसूण.

"हो."

"मला वळखू आलं. वाचाया येत न्हाई, पर चितार वळखू येतंय." तिने शरयूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लसूण सोलायचा थांबवला. "तुमी... नर्सबाईच्या कोण?"

"कुठल्या नर्सबाई?"

"सांगलीच्या. पांढऱ्या बुटाच्या. हनुवटी तीच हाय की तुमची."

"मी त्यांची मुलगी."

बाईने लसूण ओच्यात टाकला आणि हात लुगड्याला पुसून शरयूच्या पायांना लावला. शरयूने पाय मागे घेतले.

"अहो, हे काय!"

"आसू द्या. बाई बऱ्या हायत का?"

"गेली. वर्ष झालं."

बाईचा हात तिथेच थांबला. मग ती उठून बाकावर, खोक्याच्या पलीकडे बसली.

"मी मनुबाई. दिघंचीच्या वस्तीवरची. लेक बाळात झालीया आत, चंद्रा. पयलटकरीण. लेक झाली. जावई मिल्ट्रीत हाय. तार केली, तर उलटी तार आली, नीट बगितलं का म्हणून." ती खुदकन हसली. "म्हटलं, गड्या, ह्यात चुकाया काय आसतंय!"

शरयूलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच छातीवरचं ओझं जरा हललं. आईला ओळखणारं कोणी भेटलं होतं.

"आईची कशी काय ओळख?"

"दुष्काळात." मनुबाईने पट्टीवरून अंगठा फिरवला. "हितं बाईचं नाव हाय व्हय? बरं क्येलं. दुष्काळाच्या साली आमी समदी खडी फोडाया जायचो. माजा केरबा तवा अंगावर पीत व्हता. खडीवर न्यावा तर धुरळा आन् ऊन. घरी ठेवावा तर प्यायचं काय? तितंच बाई आल्या. म्हणल्या, मनू, हे दे. मला डबा दिला, बाटली दिली. पैका न्हाई घेतला. आमच्या चुलीवर सोता पाणी उकळून दाखिवलं. हाताला चटका बसला त्यांच्या."

"हो," शरयू म्हणाली. डाव्या मनगटावरचा तो डाग तिला आठवला. चहाचं भांडं लागलं, असं आई म्हणाली होती.

"लय बेस चाललं. सासू पाजायची, मी खडीवर. पोरगं पीत व्हतं, झोपत व्हतं. डबा सरत आला तवा म्हातारीनं पुरवून पुरवून वापारला. तांब्याभर पाण्यात चमचाभर. माजं तंवर आटलंच व्हतं. पाणी तरी कुटलं वो, टँकरचं." ती साधेपणाने सांगत होती, बाजारची हकीकत सांगावी तशी. "आन् मग गेला केरबा. वाळून वाळून गेला. मरताना ह्येवढा झाला व्हता."

तिने दोन्ही तळव्यांमध्ये अंतर धरून दाखवलं.

शरयूने बाकाची कड धरली.

"सासू म्हणली, तूच खाल्लास पोराला. खडीवर जायची हौस तुला. नवरा बोलंना. समदी वस्ती तसंच बघायची. मी हिरीवर गेले व्हते, खोटं न्हाई सांगत. तेवढ्यात बाई आल्या, दुसऱ्या खेपंला. त्यास्नी ठावंच न्हवतं. रिकामा डबा बगितला. म्हणल्या, किती चमचं घालीत व्हता? मी सांगितलं. तर बाई खालीच बसल्या की. धुळीत, त्या पांढऱ्या साडीत. माजं डोस्कं मांडीवर घेतलं आन् म्हणल्या, मनू, तुजी चूक न्हाई. पुन्यांदा म्हणल्या, तुजी न्हाई."

मनुबाईने डोळ्यांना पदर लावला नाही. तिचे डोळे कोरडेच होते.

"माज्या आईनं बी म्हणलं न्हवतं तसं. येवडी शिकलेली बाई म्हणतीया तुजी न्हाई, म्हंजी न्हाईच. त्या येका बोलावर मी जगले, ताई. हीर सोडली. चंद्राला वाढिवलं."

शरयूला आठवलं, आई दुष्काळात एकदा फिरतीहून आली आणि तशीच न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसली. साडी मागून मातीने लाल झाली होती. ती बदलली नाही, हातपाय धुतले नाहीत. शरयू बी.ए.चं पुस्तक हातात घेऊन दारात उभी होती. "पडलीस का गं?" तिने विचारलं होतं. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाबांनी आतून विचारलं, "उद्या आहे का गं फिरती?" आणि आई म्हणाली, "आहे."

दुसऱ्या दिवशी खळ लावलेली दुसरी पांढरी साडी नेसून ती गेली. त्यानंतरही जात राहिली. शरयूचं एम.ए. होईपर्यंत, नोकरी लागेपर्यंत. कितीतरी चुलींपुढे.

"काय झालं, ताई? घेरी आली का? पाणी आणू?"

"नको." शरयूने मान हलवली. "काही नाही."

"आईची सय आली. यायचीच." मनुबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात शरयूला सोसवेना आणि दूरही करवेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "येक मागू का? मागू नये, पर बाईच्या लेकीपाशी मागाया लाज कसली?"

शरयूला कळलं. तरी तिने विचारलं, "काय?"

"ह्यातला येक द्या. चंद्राला अजून पान्हा फुटंना. पोर रडून रडून लाल व्हतंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ती? ती म्हणती छातीला लावून ठेवा, दोन रोजात फुटंल. अवो, तिला सोताला अजून लेकरू न्हाई, आन् आमास्नी शिकवती पाजाया! डब्याला हात लावू देत न्हाई. पर तिचं काय मनावर घ्यायचं? ह्येच्यावर तर बाईचं नाव हाय." मनुबाईने एक डबा उचलून मांडीवर घेतला होता. "ह्या बारीला पुरवून न्हाई वापारणार. जावई पैकं धाडतोय."

ओसरीच्या कडेला ऊन सरकत आलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शरयूने ते मनात जुळवलं आणि त्याच्या शेवटी ती विहीर दिसली. सांगितलं नाही, तर आत ते लाल होऊन रडणारं पोर होतं. नाही म्हणावं, तर सुहासिनीबाईंची लेक एका डब्यासाठी हात आखडते असं झालं असतं. ते चाललं असतं. पण तेवढ्याने ही बाई थांबली नसती. बाजारात डबे होतेच.

तिने हात पुढे केला आणि मनुबाईच्या मांडीवरचा डबा हलकेच काढून घेतला.

"मनुबाई, हा नका देऊ. आतला माल खराब निघालाय."

"खराब?"

"हो. सगळंच खोकं. मी परत घेऊन चाललेय." आपला आवाज वर्गात शिकवताना असतो तसा ठाम येतोय, हे तिला ऐकू येत होतं. "दुकानातलाही घेऊ नका. तोही तसलाच असतो. वरून कळत नाही. पोराला बाधतं. डॉक्टर सांगतात तसं छातीला लावून ठेवू दे चंद्राला. मी आईची शपथ घालते तुम्हाला."

"आगं बया," मनुबाई म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. द्येवच पावला." तिने तळवे लुगड्याला पुसले, डब्याचं काही लागलं असेल तर जावं म्हणून. ओच्यातली लसणाची पाकळी काढली आणि सोलायला घेतली. नखाने साल निघता निघता तिचा हात मंद झाला. मग थांबला.

"ताई."

"हं."

"मग तवाचा बी तसलाच आसंल."

ती विचारत होती की सांगत होती, कळलं नाही. शरयूने तोंड उघडलं.

आत चंद्राचं पोर रडायला लागलं. कोणीतरी हाक मारली, "आवं मनुबाई, पोर घ्या की." मनुबाई उठली नाही. सोललेली पाकळी बोटांत तशीच धरून ती शरयूच्या ओठांकडे बघत राहिली.