कोरडाच राहिलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पक्ष्याचा नव्हे, माशांचा. समुद्रात तरंगायचे आणि माझ्या जाळ्यात जिताड्याची पिल्ले वाढवायची, हे माझे काम. पण माझ्यात आजवर एकही मासा पोहलेला नाही. मी राहतो हैदराबादच्या दिलसुखनगरात, एका इमारतीच्या गच्चीवर.

माझा जन्म कुकटपल्लीच्या एका कारखान्यात झाला. काळ्या प्लास्टिकच्या जाड नळ्या जोडून चौकट केली आणि तिला जाळे लावले. मला बनवून घेतले ते याच इमारतीत राहणाऱ्या प्रियदर्शिनीने. एका हिवाळ्यात ती आंध्रच्या किनाऱ्यावरील लहानशा गावी गेली होती. तिथे होड्या अर्ध्या रिकाम्याच परतत. मासे विकणाऱ्या नूकम्माने तिला विचारले, "शिकलीस ना, अम्मा? मग कोंबड्यांसारखे मासे पाळता येतील का, सांग. मला गाव सोडायचं नाही."

समुद्रात पिंजरा सोडायला सरकारी परवाना लागतो. त्याआधी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे लागते. ते योग्यच आहे. समुद्र कुणा एकट्याचा नसतो.

परवाना देणाऱ्या साहेबांनी प्रियदर्शिनीला सभेची तारीख विचारली. दिवस उन्हाळ्याचे होते. मासे अंडी घालतात म्हणून तेव्हा मासेमारी बंद असते. प्रियदर्शिनीचे वडील नामदेवराव म्हणाले, "आत्ता नक्को. लोक काळजीत असतील. बंदी उठू दे, मग निवांत बोलतील." त्यांचे बालपण शेतात गेलेले. पेरणी उरकली की माणूस मोकळा होतो, एवढे त्यांना ठाऊक. समुद्राचे वेगळे असते, हे घरात कुणालाच सुचले नाही.

सभेला मलाही टेम्पोतून नेले. मांडव होता, खुर्च्या होत्या, गावातला माणूस मात्र एकही नव्हता. बंदी नुकतीच उठलेली. होड्या पाण्यात, बाया धक्क्यावर. साहेब म्हणाले, "कुणाची हरकत दिसत नाही."

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन नूकम्मा आली. "खुर्च्यांना विचारून चाललात काय? गाव तर पाण्यात आहे! आणि हा ठेवणार कुठे?"

साहेबांनी खाडीच्या तोंडाकडे हात केला.

"तिथूनच आमच्या होड्या जातात. दारातच खाट टाकली तर माणसानं जायचं कुठून?"

प्रियदर्शिनी म्हणाली, "चूक आमची. सभा पुन्हा घेऊ या."

पुढच्या उन्हाळ्यात, बंदीतच, सारे गाव ताडांच्या सावलीत बसले. भांडणे झाली, थट्टाही झाली. एक म्हातारा म्हणाला, "यात आधी माझ्या जावयाला कोंडा, एका जागी तरी राहील!" शेवटी सर्वांनी मिळून होड्यांच्या वाटेबाहेरची जागा ठरवली. नव्या होडीला लावतात तसे हळदकुंकू नूकम्माने मला लावले. तेवढे सुख मला पुन्हा लाभले नाही.

मग मला परत गच्चीवर आणले आणि वाट पाहणे सुरू झाले. जागा बदलली म्हणून पाहणी नव्याने. पाहणी झाली, तर साहेब बदलले. नव्या साहेबांना सारे पहिल्यापासून हवे होते. नामदेवराव गच्चीवर येत, माझी धूळ पुसत आणि म्हणत, "हौ बेटा, होईल." एका पावसाळ्यात ते वारले. माझी धूळ तशीच राहू लागली. उन्हाने जाळे कडक झाले.

आणि एक दिवस नूकम्माच हैदराबादला आली. गावात पोट भरेना. प्रियदर्शिनीने तिला शेजारच्या मुलींच्या वसतिगृहात काम मिळवून दिले, तेव्हा दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. तेव्हापासून नूकम्मा वसतिगृहातल्या चादरी माझ्यावर वाळत घालते.

यंदा परवाना आला. प्रियदर्शिनी धावत गच्चीवर आली. तिने जाळ्याला हात लावला, तर ते मुठीत तुटून आले.

"जाळं नवं बसवू. नूकम्मा, चल गावाला!"

नूकम्माने चादर झटकली. "होड्या विकल्या, अम्मा. घरांना कुलपं आहेत. आता तिथं विचारणार कुणाला?"

प्रियदर्शिनीने चादरीचे दुसरे टोक धरले.

मित्रांनो, कुणाला काही विचारायचे असेल, तर तो घरी असताना विचारा. आणि कुणी तुमच्या उत्तरासाठी थांबले असेल, तर तो तिथे आहे तोवरच उत्तर द्या. ओल्या चादरींचे पाणी माझ्या नळ्यांवर रोज ठिबकते. माझ्या वाट्याला एवढेच पाणी आले. ते खारट नाही.