चकत्यांची राखण

मूठ दाबलेली होती. मी शपथेवर सांगतो, डॉक्टर गुरुबसप्पांनी क्लचची मूठ पार दांड्याला टेकेपर्यंत दाबली होती. तरीही गिअर पडताच मोटारसायकलनं उडी मारली आणि डॉक्टरांना घेऊन शेजारच्या तेलघाण्याच्या दारातल्या पेंडीच्या पोत्यांत घुसली.

"अय्यय्यो!" डॉक्टर पोत्यावर बसल्या बसल्या ओरडले. मग टोपी झटकत उठले. "बिरप्पा, ही काय दुरुस्ती झाली? मूठ दाबल्यावर गाडीनं जागच्या जागी राहायला नको?"

"ऱ्हायाच पायजे की, साहेब."

"मग राहिली का नाही?"

बिरप्पानं गाडी पोत्यांतून मागं ओढली. "त्येच बघतो आता."

"मी संध्याकाळी येतो. गाडी नीट कर, आणि हे का झालं तेही मला सांग. उद्या आमच्या मोटारी तुझ्या हातात द्यायच्या आहेत."

तर गोष्ट अशी होती. डॉक्टर आणि त्यांचे तीन भागीदार सोलापूर ते टेंभुर्णी मोटारी सुरू करणार होते. त्यांचा मुख्य मेकॅनिक म्हणून बिरप्पाचं नाव डॉक्टरांनीच पुढं केलं होतं. नातेपुत्याकडच्या मेंढपाळाचा हा मुलगा. मिलमध्ये झाडू मारता मारता फिटर झाला आणि आता नवी पेठेमागच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली यंत्रं दुरुस्त करायचा. मुख्य मेकॅनिकची ती जागा त्याला इतकी हवी होती की दृष्ट लागेल म्हणून त्यानं बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. मला मात्र सांगितलं होतं. मी मिलच्या स्टोअरातून निवृत्त झालेला कारकून. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची माझी जुनी खोड, त्यामुळे माझा सगळा दिवस त्याच्याच शेडमध्ये जायचा.

"अण्णा, सरका जरा, उजेड आडवताय," बिरप्पा म्हणाला. मी सरकलो, पण फार नाही.

क्लच म्हणजे काय, हे मला त्यानंच शिकवलं होतं. एकीवर एक चकत्या असतात, एक इंजिनाची, एक चाकाची. इंजिनाच्या चकत्यांत बुचाचे तुकडे बसवलेले. मूठ सोडली की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गाडी पळते. मूठ दाबली की सुटतात आणि इंजिन नुसतं फिरत राहतं. इथं त्या सुटतच नव्हत्या.

"मुठीची वायर ढिली असेल," मी म्हणालो. मुंबईहून नवी वायर यायला आठ दिवस लागले होते. तोवर जोडलेला क्लच तसाच पडून होता. माझा संशय त्या वायरीवरच.

त्यानं वायर ताणली. चाक उचलून इंजिन सुरू केलं, मूठ दाबली. चाक गरागरा फिरतच राहिलं.

मग त्यानं आतली सळई काढून काचेवर लोळवली. सरळ होती. मग स्प्रिंगा. एक जास्त आवळली, एक कमी, तर चकती तिरकी उचलते म्हणे. ज्वारीच्या धांड्याची काडी मोडून त्यानं प्रत्येक स्प्रिंग मापली. साऱ्या सारख्या. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर नुसतं नाचत होतं आणि बिरप्पाच्या कपाळावरची शीर उडत होती.

"माझाच हात गेला का काय, अण्णा?" तो हळूच म्हणाला. वीस वर्षांत त्याच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं.

"अरे हट्! चकत्या उघड."

उघडल्या. एकेक सुटी निघावी, तर सगळी चवड एकदम हातात आली, ओले पापड एकावर एक रचून विसरावेत तशी. चाकूचं पातं घालून एकेक सोडवावी लागली. दोन्ही अंगांना तांबूस चिकटा. घासलेटात बुडवून चोळल्या, तरी तो हटेना.

"हे काय असेल रे?" मी चकती नाकाशी नेली. पण घाण्याशेजारी बसून तेलाचा वास काय कळणार! साऱ्या बोळालाच करडईचा वास.

तेवढ्यात बिरप्पाची बायको केराबाई भाकरी घेऊन आली. तिनं चकतीवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसली.

"ह्येच्यासाटी दोघं डोकं धरून बसलाय व्हय? अवो, ह्यो तेलाच्या बुधलीच्या तोंडाला बसतो त्यो चिकटा! करडईचं तेल हाय. उघडं ऱ्हायलं की असं धरतं. सोड्याच्या कढत पान्यात टाका, राखंनं घासून देते."

बिरप्पा चकतीकडं बघतच राहिला. "खायचं तेल? ह्यात कुटनं आलं?"

"मी लावलं की," मागून आवाज आला.

शेडच्या कोपऱ्यात बाजेवर बिरप्पाचा बाप बसला होता, तात्याबा. नजर अधू झाल्यापासून मेंढरं विकून तो लेकाकडं आला होता. दिवसभर बसून बसून म्हातारा वैतागायचा.

"त्या दिशी तू धुऊन पोत्यावर वाळाया टाकल्या व्हत्या न्हवं? हात लावला तर कोरड्या ठाक. मेंढरू कातरल्यावर तेल चोळतो आपन, न्हायतर कातडं तडकतं. म्हनलं, पोराच्या कामाला आपला बी हात लागू दे." तो हसला. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार. "एकेकीला दोन्ही अंगानं लावलं. एक बी सोडली न्हाय."

केराबाई पदर तोंडाला लावून आत गेली. आणि मी? त्या दिवशी चकत्या कशा चकचकीत दिसतायत म्हणून मीच कौतुक केलं होतं, बिरप्पा त्या जोडत असताना! माझी चौकशी नेमकी तेव्हा कुठं पेंड खात होती, देव जाणे.

बिरप्पानं आत हाक मारून सोड्याचं कढत पाणी मागवलं. चकत्या घासून, सुकवून त्यानं पुन्हा जोडल्या. चाक उचलून मूठ दाबली. चाक थांबलं. सोडली, फिरलं. मी टाळी वाजवली, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. बोळाच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून हसतच उतरले. "झकास! आता सांग, झालं होतं काय?"

"चकत्यांना करडईचं तेल लागलं व्हतं, साहेब. त्येनं त्या चिकाटल्या."

"करडईचं?" डॉक्टरांचं हसू गेलं. "ते कुणी लावलं?"

मी तोंड उघडणार, तोच बिरप्पानं माझ्याकडं असं पाहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटली. बाजेवर म्हातारा मान वर करून ऐकत होता.

"मीच. माजीच चूक."

डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले, "बिरप्पा, मी एकटा पोत्यांत पडलो तर हसण्यावारी नेता येतं. मोटारीत वीस माणसं बसतात. भागीदारांना मी कोणत्या तोंडानं सांगू? दुसरा माणूस बघावा लागेल."

"व्हय साहेब," बिरप्पा म्हणाला आणि त्यानं गाडीची मूठ फडक्यानं पुसून दिली. मला रडू आलं. का खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर तात्याबानं मला जवळ बोलावलं.

"अण्णा, लई मोटी नोकरी व्हती का?"

"छे हो. असल्या छप्पन्न येतील."

त्यानं मान हलवली. माझं खोटं म्हाताऱ्याला कळलं होतं. त्याची तेलाची बुधली रोज बाजेखाली असायची, ती आज दिसत नव्हती.

बिरप्पाकडं दुसरी एक गाडी आली होती. त्यानं तिच्या चकत्या घासलेटात धुतल्या, दारात पोतं अंथरलं आणि एकेक करून उन्हात मांडल्या. मला वाटलं, आता बापाला आत बसवणार. पण त्यानं बाजेजवळ जाऊन म्हाताऱ्याला हाताला धरून उठवलं आणि पोत्याशेजारी आणून बसवलं.

"आबा, चकत्या वाळत्यात. कुनाचा हात लागू देऊ नगा. मला आत काम हाय."

"जा तू. म्या हाय," तात्याबा म्हणाला.

केराबाई दोनदा भाकरी खायला बोलवून गेली, तो उठला नाही. मी जवळून गेलो, तर काठी आडवी धरून म्हणाला, "लांबनं." ऊन चढलं, घाण्याचा बैल सुटला. म्हातारा चकत्यांशेजारी बसूनच होता, तसल्या उन्हात घोंगडी पांघरून, आणि काठी नसलेला हात त्यानं घोंगडीच्या आत घट्ट धरून ठेवला होता.