चांगुणाच्या नाकावरची रेघ

फोटोतल्या सगळ्या माणसांचे हात स्वच्छ दिसत. फक्त चांगुणाच्या उजव्या हाताचा अंगठा धुरकट होता. त्या काळच्या कॅमेऱ्याला काही सेकंद लागत. साहेबाने ‘हलू नका’ सांगितल्यावर बाकीची सहा माणसं दगडासारखी उभी राहिली आणि चांगुणाने बहुधा पदर चाचपला. दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभाला आपल्या या खापरपणजीचा तेवढा अंगठाच जिवंत वाटे. पायाशी मेंढरंही होती, पण ती कुणाचं ऐकतात? त्यांचा नुसता पांढरा ढग उमटला होता.

घोडनदीच्या छावणीतल्या कुणा साहेबाने काढलेला तो फोटो सासूकडून सुनेकडे येत येत प्रतिभाच्या आईकडे, सखूबाईकडे आला होता.

अकरा वर्षांपूर्वी प्रतिभाच्या भावांनी वाटणी केली. विहिरीचं पाणी वाटलं, चिंचेच्या फांद्या वाटल्या, आईही वाटली. पंधरा दिवस थोरल्या संपतकडे, पंधरा दिवस धाकट्या शंभूकडे. महिना एकतीस दिवसांचा असला की शेवटच्या दिवशी सखूबाई उपास धरी. कोणत्या देवाचा, ते कुणी विचारलं नाही. प्रतिभा दर दिवाळीला म्हणे, “आई, दौंडला चल, कायमची. मी एकटीच तर असते.”

“लेकीच्या घरी? गाव काय म्हणंल? बघू पुढं,” सखूबाई म्हणे.

फोटो तेवढा वाटायचा राहिला होता, कारण तो कुणालाच नको होता. यंदा मात्र संपत साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहिला आणि शंभूने पाटसजवळ मंगल कार्यालय बांधलं. दोघांनाही एकदम घराण्याची गरज पडली.

“सरदार घराणं,” दिवाळीला सगळे घरी जमले तेव्हा संपतने प्रचाराच्या बोर्डाचा मजकूर वाचून दाखवला.

“दादा, पायाशी मेंढरं आहेत,” प्रतिभा म्हणाली.

“कंप्युटरवर घोडी करता येत्यात. शिरूरचा स्टुडिओवाला म्हनला, ढगच हाय नुसता, म्हनशील ते काढू.”

“मग दोन कॉप्या काढा. मूळ फोटो राहू दे.”

“कॉपी म्हंजी डुप्लिकेट, आक्का,” शंभू म्हणाला. “उद्या एखादा पेपरवाला आला आन् ओरिजिनल दाखवा म्हनला, तर काय तुझं विज्ञान दाखवू?”

शेवटी नेहमीचाच तोडगा निघाला. अर्धा-अर्धा. संपतने पोरीच्या दप्तरातली फूटपट्टी काढली, फोटो फरशीवर ठेवला आणि पेन्सिलीने मधोमध रेघ ओढली. दोन्हीकडे बरोबर बारा सेंटिमीटर. रेघ चांगुणाच्या नाकावरून गेली.

“जरा सरकव की तिकडं,” शंभू म्हणाला. “आख्खी चांगुणा मला दे.”

“आन् मी काय ह्या तीन गड्यांवर मतं मागू? महिला मतदार हायेत निम्मे.”

“माझ्याकडं तर लग्नं लागणार! नवरीच्या आईला अर्धं नाक दाखवू व्हय?”

“तुझ्या बाजूला नथ आलीया ना? मग गप.”

प्रतिभा गुडघ्यावर बसली आणि दोन्ही तळवे तिने फोटोवर ठेवले. “दादा, हा कागद सव्वाशे वर्षांचा आहे. कात्री लावलीस की भुगा होईल.”

“मास्तरीणबाई, हात काढा,” संपत म्हणाला. “वाटणीत तुमची सही झालीया. आमचं काय न्हाई म्हनून.”

ते खरं होतं. पण हात तिने काढले नाहीत.

संपत कात्री घेऊन आईकडे वळला. सखूबाई इतका वेळ सुपातली मटकी निवडत होती. “आई, तूच सांग आता. रेघ हीच ठिवू का सरकवू?”

अकरा वर्षांत सखूबाईला कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतं. तिने सूप बाजूला ठेवलं, लेकीचे हात हलकेच दूर केले आणि फोटो उचलून छातीशी धरला.

“ह्यो फोटू मला माझ्या सासूनं दिलाय,” ती म्हणाली, “त्यो कापायचा न्हाई. त्यो माझ्यासंगं येतोय. आन् म्या परतिभासंगं दौंडला चालले. आता तिथंच ऱ्हानार.”